इच्छापूर्तीची पावती कुठंय?

पदवीच्या शेवटच्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, मी एक 'सोशल इंटर्नशिप' केली. तिचं पोस्टर तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेल. घरबसल्या एक महिना, सर्टिफिकेट पक्कं, चांगलं काम केलं तर शिफारसपत्रसुद्धा. काम काय, तर संस्थेने दिलेली लिंक ओळखीच्या लोकांना पाठवायची आणि गंभीर आजार असलेल्या मुलांच्या इच्छा पूर्ण करण्यासाठी पैसे गोळा करायचे. टार्गेट दहा हजार रुपये. जमलेल्या रकमेतले दहा टक्के आपल्याला 'स्टायपेंड'. सोबत मास्क लावलेल्या, केस गेलेल्या एका छोट्या मुलीचा फोटो आणि खाली तयार मजकूर. तो उचलायचा आणि पाठवत सुटायचं.

मी सुटले. मावशी, दोन्ही आत्या, शाळेचा ग्रुप, क्लासचे सर. ६,४०० रुपये जमले. मग मी गेले आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार आहेत त्या काकांकडे. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी फोटो नीट पाहिला, चष्मा काढून हातात धरला आणि विचारलं, "पावती कोणाच्या नावाने येणार? आणि संस्थेचा मागच्या वर्षीचा हिशोब कुठे बघायला मिळेल?"

"काका, आजारी मुलांसाठी आहे हो."

"ते वाचलं मी. हिशोब विचारतोय."

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर रागच आला. एवढ्याशा मुलीचा फोटो समोर आहे आणि या माणसाला पावती सुचतेय! काका म्हणाले, "हिशोब घेऊन ये, पाचशे देतो." मी घरी येऊन आईजवळ त्यांना कंजूस म्हणून घेतलं.

आज एका पेपरच्या ऑफिसात बसून लिहिताना मला वाटतं की त्या महिन्यात माझ्याशी बोललेल्या सगळ्या लोकांमध्ये शहाणं फक्त काका बोलले. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब आपण चौकात उभं राहून मागतो. डीजेवर किती, मांडवावर किती, महाप्रसादाचं तेल कुठून आणलं, सगळं. पण कॅन्सर झालेल्या मुलाच्या नावाने कोणी पैसे मागितले की हिशोब विचारणं आपल्याला असभ्य वाटतं. जिथे विचारायला सगळ्यात जास्त संकोच वाटतो, तिथेच पैसा सगळ्यात सहज निघतो, आणि पैसे गोळा करणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पंधरा डॉलरची सुरुवात

ही कल्पना कुठून आली ते आधी बघू, कारण ती मुळात अतिशय साधी आणि सुंदर आहे. १९८० साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ख्रिस नावाचा सात वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने आजारी होता. त्याला पोलीस व्हायचं होतं. राज्याच्या पोलीस दलातल्या काही जणांनी एप्रिलच्या अखेरीस त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं, त्याच्या मापाचा गणवेश शिवून दिला, बॅज दिला. मे महिन्याच्या सुरुवातीला तो गेला. त्या पोलिसांना आणि त्यांच्या मित्रांना वाटलं, हे आणखी मुलांसाठी करता येईल. त्यातून 'मेक-अ-विश' उभी राहिली. संस्थेला मिळालेली पहिली देणगी होती १५ डॉलरची, एका किराणा दुकानाच्या मॅनेजरकडून.

पुढे ती जगभर पसरली. भारतात १९९६ साली मुंबईतून काम सुरू झालं. ३ ते १८ वयाची, गंभीर आजार असलेली मुलं. डॉक्टर आजाराची खात्री करतात, स्वयंसेवक मुलाशी बोलून त्याची इच्छा समजून घेतात, मग ती पूर्ण करायची. कोणाला सायकल हवी असते, कोणाला टॅब, कोणाला हिरोला भेटायचं असतं, कोणाला काहीतरी 'व्हायचं' असतं. २०१४ मध्ये हैदराबादला दहा वर्षांचा एक मुलगा एका दिवसासाठी पोलीस आयुक्त झाला. २०१९ मध्ये आपल्या मुलुंड पोलीस ठाण्यात सात वर्षांचा मुलगा एक दिवसाचा इन्स्पेक्टर झाला. ॲरिझोनाच्या ख्रिसला हवं होतं तेच या दोघांनाही हवं होतं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ही 'शेवटची इच्छा' नसते. यातली कित्येक मुलं बरी होतात. लहान मुलांमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियात पुढारलेल्या देशांत दहापैकी जवळपास नऊ मुलं जगतात. ती मोठी होतात, कॉलेजात येतात, कदाचित तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुलुंडच्या त्या दिवसाचा खर्च किती आला असेल? गणवेश, टोपी, कदाचित केक. पोलीस ठाणं फुकट, इन्स्पेक्टरसाहेबांचा वेळ फुकट, सॅल्यूट फुकट. हिरो भेटायला येतो तेव्हा तो पैसे घेत नाही; कुस्तीपटू जॉन सीनाने अशा साडेसहाशेहून अधिक मुलांच्या इच्छा पूर्ण केल्या, आणि ती गिनीज बुकातली नोंद आहे. कोणी विमानाची तिकिटं देतं, कोणी हॉटेलची खोली. म्हणजे इच्छापूर्तीच्या संस्थेची बरीचशी कमाई पैशांत नसतेच, ती वस्तूंत आणि लोकांच्या वेळात असते. संस्थेच्या भाषेत 'इन-काइंड'.

आणि हिशोबाचा पहिला गुंता इथेच होतो. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत ठरवायची कोणी? २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पन्नासही राज्यांना सोबत घेऊन कॅन्सर पेशंटांच्या नावाने चालणाऱ्या चार संस्थांवर खटला भरला. त्यातल्या एकीचं नाव 'चिल्ड्रन्स कॅन्सर फंड ऑफ अमेरिका'. चारही संस्था एकाच माणसाच्या गोतावळ्याने चालवलेल्या. २००८ ते २०१२ या काळात लोकांनी त्यांना १८.७ कोटी डॉलर दिले. आरोपपत्रानुसार त्यातून गाड्या, सहली, क्रूझ, मुलांच्या कॉलेजच्या फिया आणि डेटिंग साइटच्या वर्गण्यासुद्धा भरल्या गेल्या. (डेटिंग साइट! वाचून मी दोनदा तपासलं.) मग कागदावर हे लपलं कसं? तर आपण २२ कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या फुकट मिळालेल्या वस्तू परदेशात गरजूंना वाटल्या, असं त्यांनी दाखवलं होतं. वस्तूंचा आकडा एवढा फुगवला की पगार आणि फंड गोळा करण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ दिसायला लागला.

२०१३ या एका वर्षात

या विषयावर वाचत गेले तेव्हा एकच साल पुन्हा पुन्हा समोर आलं.

२०१३ च्या जूनमध्ये फ्लोरिडातलं 'टॅम्पा बे टाइम्स' हे वर्तमानपत्र आणि 'सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टिंग' यांनी मिळून अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट धर्मादाय संस्थांची यादी छापली. पहिल्या नंबरवर होती 'किड्स विश नेटवर्क'. नाव नीट वाचा. मेक-अ-विशशी तिचा काही संबंध नाही, पण फोनवर घाईघाईत ऐकलं तर 'विश' एवढंच कानात राहतं. लोकांनी दिलेल्या प्रत्येक डॉलरमधले तीन सेंटसुद्धा मुलांवर थेट खर्च होत नव्हते. दहा वर्षांत जवळपास ११ कोटी डॉलर गेले ते पैसे गोळा करून देणाऱ्या व्यावसायिक कंपन्यांच्या खिशात. या कंपन्या घरोघरी फोन करायच्या, मुलांच्या आजाराबद्दल सांगायच्या, आणि जमलेल्या रकमेतला बहुतांश हिस्सा 'फी' म्हणून स्वतःकडे ठेवायच्या.

हे बेकायदा असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितलं की पैसे गोळा करणाऱ्याने किती टक्के घ्यावेत यावर राज्य सरकार मर्यादा घालू शकत नाही. देणगी मागणं हेही बोलणंच आहे आणि त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. २००३ मध्ये न्यायालयाने एवढी भर घातली की पैसे कुठे जाणार याबद्दल कोणी खोटं सांगितलं, तर मात्र फसवणुकीचा खटला चालू शकतो. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव घेणं हा गुन्हा नाही, त्याबद्दल थाप मारणं हा गुन्हा आहे. मग देणाऱ्याच्या हातात उरतं काय? विचारणं. एवढंच.

आणि विचारलं तर तिथे उत्तर मिळतं, हा या गोष्टीतला माझा आवडता भाग. करमुक्त संस्थेला दरवर्षी 'फॉर्म ९९०' भरावा लागतो आणि तो कोणीही मागून बघू शकतो. किती आले, कुठे गेले, वरच्या अधिकाऱ्यांचा पगार किती, फंड गोळा करणाऱ्या कंपनीला किती दिले, सगळं त्यात. मेक-अ-विशच्या अमेरिकेत सुमारे साठ शाखा आहेत आणि प्रत्येक शाखा स्वतःचा फॉर्म वेगळा भरते. 'टॅम्पा बे टाइम्स'च्या बातमीदारांचा मोठा आधार असे सरकारदरबारी पडलेले कागदच होते. ते वर्षानुवर्षं उघडे होते, वाचत कोणी नव्हतं.

मला इथे माझे ६४० रुपये आठवले. ६,४०० चे दहा टक्के. त्याचे मी इअरफोन घेतले. मावशीला मी सांगितलं होतं का, की तुझ्या हजारातले शंभर माझ्याकडे येणार आहेत? नाही. संस्थेने दिलेल्या तयार मजकुरात ते होतं का? नाही. म्हणजे फ्लोरिडाच्या त्या कंपन्या जे मोठ्या प्रमाणावर करत होत्या, ते मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर करत होते. फरक टक्क्यांचा. आणि त्यांना निदान आपण सेल्समन आहोत हे माहीत होतं. मला वाटत होतं मी समाजसेवा करतेय.

त्याच वर्षी, १५ नोव्हेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा 'बॅटकिड' झाला. ल्युकेमियातून बरा होत असलेल्या या पोराला बॅटमॅन व्हायचं होतं, तर मेक-अ-विशच्या स्थानिक शाखेने अख्खं शहर गॉथम सिटी करून टाकलं. हजारो लोक रस्त्यावर आले, ओबामांनी व्हिडिओ संदेश पाठवला. व्हिडिओ बघा, रडू येतं. पण गर्दी एवढी वाढली की महापालिकेला साउंड सिस्टीम, मोठे पडदे वगैरे भाड्याने घ्यावे लागले आणि बिल झालं १,०५,००० डॉलर. हे पैसे करदात्यांनी का भरायचे, असा प्रश्न लगेच आला. शेवटी एका श्रीमंत दांपत्याने ते बिल भरलं. मला यातलं बिल नाही, प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शहर त्या पोरावर जीव ओवाळून टाकत होतं आणि त्याच वेळी खर्च कोणाचा तेही विचारत होतं. दोन्ही एकत्र करता येतं. आमच्या काकांनीही तेच केलं होतं.

डिसेंबरमध्ये तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये याच बॅटकिडवरून लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एक इच्छा पूर्ण करायला सरासरी ७,५०० डॉलर लागतात, तेवढेच पैसे मलेरियाच्या मच्छरदाण्यांसाठी दिले तर मुलांचे जीव वाचतील, मग एका मुलाचा एक दिवस मोठा, की दुसऱ्या मुलांचं अख्खं आयुष्य?

या प्रश्नावर आमच्या वर्गात एक अख्खा तास वाद झाला होता. माझं मत सिंगर यांच्या बाजूने अर्धंच आहे. गणित त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे तर ते आणखी बोचतं. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पेशंटची कुटुंबं झोपतात, हे मुंबईत राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. ज्या मुलाला राहायला जागा नाही त्याला टॅब देऊन काय होणार? 'सेंट ज्यूड इंडिया'सारखी संस्था २००६ पासून अशा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना उपचार चालू असताना मोफत राहायला जागा देते. माझ्याकडे एकच हजाराची नोट असती तर मी तिथे आधी दिली असती. पण माणूस देणगी गणित करून देत नाही. मावशीने मच्छरदाणीसाठी हजार रुपये दिलेच नसते. आणि इच्छा पूर्ण होण्याने नुसता फोटो चांगला येतो असंही नाही. २०१८ मध्ये 'पीडियाट्रिक रिसर्च'मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका मुलांच्या हॉस्पिटलमधल्या, इच्छा पूर्ण झालेल्या ४९६ मुलांची तुलना तशाच आजाराच्या पण इच्छा पूर्ण न झालेल्या ४९६ मुलांशी केली होती. पहिल्या गटात हॉस्पिटलमध्ये अचानक भरती व्हायची वेळ कमी होण्याची शक्यता अडीच पट दिसली. इच्छेमुळेच हे झालं असं यातून सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत जरा बरी, त्यांनाच इच्छा पूर्ण करायला बाहेर पडता आलं असं असू शकतं. पण ते हसण्यावारी नेण्यासारखंही नाही.

आपल्याकडे कागद कुठे असतात

अमेरिकेचं खूप झालं. काका मला जो हिशोब मागत होते, तो महाराष्ट्रात कुठे सापडतो?

इथे नोंदलेल्या धर्मादाय ट्रस्टवर 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०' लागू होतो. ट्रस्टने दरवर्षी हिशोब तपासून घेऊन तो धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. विश्वस्त बदलले तर चेंज रिपोर्ट. जमीन किंवा इमारत विकायची तर आयुक्तांची आधी परवानगी. तिथे दाखल झालेल्या कागदांच्या नकला अर्ज करून, फी भरून मिळवता येतात. गंमत बघा: नोंदणी नसलेल्या गणपती मंडळालासुद्धा वर्गणी गोळा करायची तर याच कायद्याच्या ४१ सी कलमाखाली परवानगी काढावी लागते आणि उत्सव झाल्यावर हिशोब द्यावा लागतो. काका दर श्रावणात त्यासाठी खेटे घालतात. त्यांनी मला पावती विचारली ती सवयीने, संशयाने नाही, हे मला आत्ता कळतंय.

दुसरा कागद आयकराचा. '80जी' हे नाव आपण घरात ऐकलेलं असतं, बाबांच्या सीएच्या तोंडून. त्याचा अर्थ मात्र बहुतेकांनी चुकीचा लावलेला असतो. लिंकवर लिहिलेलं असतं 'टॅक्समध्ये ५० टक्के सूट'. ऐकणाऱ्याला वाटतं हजार दिले की पाचशे परत. तसं नाही. हजारातले पाचशे तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचतात साधारण शंभर रुपये. नवी कररचना निवडली असेल तर तेही नाहीत. रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिले तर त्यावर सवलत नाही. मी मावशीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "मावशी, निम्मे परत येतात!" असो. पण या सवलतीमुळे एक चांगली गोष्ट होते: २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याला द्यावी लागते आणि देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. प्रमाणपत्र आलं नाही, याचा अर्थ तुमचे पैसे कागदावर कुठेतरी हरवलेले असू शकतात.

मोठा पैसा मात्र माझ्या मावशीकडून येत नाही. तो कंपन्यांकडून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने (पुन्हा तेच साल!) ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. कंपनी चेक देते तेव्हा ती हिशोब मागते. २०२१ पासून सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आणि मोठ्या प्रकल्पांचं मूल्यमापन बाहेरच्या लोकांकडून करून घ्यावं लागतं. परदेशातून पैसे आले तर एफसीआरए: खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आतच हवा.

म्हणजे कंपनीच्या पैशावर कंपनीचा डोळा, परदेशी पैशावर दिल्लीचा डोळा. आणि कॉलेजच्या पोरांनी ग्रुपवर लिंक टाकून जमवलेल्या शंभर-दोनशेच्या पैशावर? देणारे हजारो, प्रत्येकाची रक्कम एवढी छोटी की कोणी पाठपुरावा करत नाही. हिशोब मागायचा कंटाळा येईल इतकीच रक्कम मागितलेली असते.

इथे मला एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाने करायची नाहीये. 'माझा प्रत्येक रुपया मुलापर्यंतच गेला पाहिजे' ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण मुलाला भेटायला जाणाऱ्या कार्यकर्तीला पगार नको? ऑडिटरला फी नको? हिशोब ठेवायलाच माणूस लागतो! २०१३ मध्येच संस्थांना रेटिंग देणाऱ्या अमेरिकेतल्या तीन मोठ्या संघटनांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं की फक्त प्रशासकीय खर्चाची टक्केवारी बघून संस्था चांगली-वाईट ठरवू नका. 'शंभर टक्के मुलांनाच' म्हणणारी संस्था दिसली की मला आता उलट जास्त शंका येते. वीस टक्के खर्च झाला आणि तो कशावर झाला हे सांगणारी संस्था परवडली.

आणि तो फोटो

हिशोब म्हणजे फक्त पैशांचा नाही. मी महिनाभर जिचा फोटो पाठवत होते ती मुलगी कोण, तिच्या आईवडिलांना विचारलं होतं का, किती जणांना पाठवणार हे त्यांना सांगितलं होतं का, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. पण जी संस्था तुमच्या मुलीची इच्छा पूर्ण करतेय, तिने फॉर्म पुढे केल्यावर हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले आईवडील 'नको' म्हणणार आहेत का?

मघाशी म्हटलं ना, यातली कित्येक मुलं बरी होतात. ती मुलगी बरी झाली तर दहा वर्षांनी कुठल्या तरी एफवायच्या वर्गात असेल. कोणीतरी तिचं नाव शोधेल आणि तो मास्क लावलेला फोटो सापडेल, खाली 'हिची शेवटची इच्छा' असा खोटा मजकूर. त्यातला एक माझ्या नंबरवरून गेलेला. तो डिलीट करायला मी आता कुठल्या कुठल्या ग्रुपवर जाऊ?

म्हणून एक मागणी, आणि ती संस्थांपेक्षा आपल्या कॉलेजांकडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणात समाजाशी जोडणाऱ्या कामाला क्रेडिट आले. क्रेडिटला सर्टिफिकेट लागतं, आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांनी बरोबर वास काढला. फेस्टच्या बॅनरवर 'चॅरिटी पार्टनर' लागतो. कोण ठरवतं तो? कमिटीतल्या कोणाच्या तरी ओळखीचा असतो. एनएसएसच्या प्रोग्रॅम ऑफिसर सरांनी किंवा मॅडमनी अशा प्रत्येक संस्थेकडून नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षीचं ऑडिट आणि मुलांच्या फोटोंबद्दलचं लेखी धोरण घेतल्याशिवाय आवारात डबा फिरू देऊ नये, आणि ते कागद नोटीस बोर्डावर लावावेत. पैसे गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला टक्के मिळत असतील तर ते देणाऱ्याला आधी सांगितलंच पाहिजे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ट्रस्टच्या नावाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबायचं. यातलं एकही काम अवघड नाही. खरं काम करणाऱ्या संस्थेला याचा त्रास होणार नाही, तिच्याकडे हे कागद तयारच असतात. कंपन्यांना ती रोज तेच देते. मग आपल्याला द्यायला काय हरकत आहे?

मी माझ्या त्या संस्थेला इंटर्नशिप संपल्यावर तीनदा मेल केला, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल पाठवा म्हणून. पहिल्याला 'तुमच्या सहकार्याबद्दल आभार' असं उत्तर आलं. दुसऱ्याला माहितीपत्रक आलं, त्यात तीच मुलगी. तिसऱ्याला काहीच नाही. सर्टिफिकेट मात्र दोन दिवसांत आलं होतं, आडनावाचं स्पेलिंग चुकवून.

काकांना हे सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत की 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' असंही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "मावशीला सांगितलंस का?"

नाही सांगितलं. तिच्याकडे हाच पेपर येतो.